तीन चार्ट, एकच खोच: कुंडईच्या एका युनिटमधलं सप्लायर रिस्कचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण आमच्याच युनिटचं आहे, म्हणून नावं काढलीत, आकडे थोडे इकडेतिकडे केलेत, पण घडलं ते ह्याच क्रमानं. गोव्यातल्या कुंडई इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये साठेक माणसांचं मशीनिंग युनिट, मी तिथं क्वालिटी बघतो आणि पर्चेसवाला रजेवर असला की पर्चेसपण मीच, म्हणजे वर्षातले निम्मे दिवस. आमचं मुख्य काम जहाजांवरच्या समुद्राच्या पाण्याच्या लायनीचे व्हॉल्व्ह. बॉडीचं कास्टिंग बाहेरून यायचं, मशीनिंग, असेंब्ली आणि प्रेशर टेस्ट आमच्याकडे, मग माल पुढं जहाजबांधणीवाल्यांकडे.

बॉडी निकेल ॲल्युमिनियम ब्राँझची, शॉपवर सगळे नुसतं नॅब म्हणतात. ग्रेड सी ९५८००, ॲल्युमिनियम साडेआठ ते साडेनऊ टक्के, निकेल चार ते पाच, लोखंड साडेतीन ते साडेचार पण निकेलपेक्षा जास्त नको, थोडं मँगनीज, बाकी तांबं. समुद्राच्या पाण्यात हा धातू वर्षानुवर्षं टिकतो म्हणून नौदलाच्या कामात तो सगळीकडे दिसतो. पण त्याची एक खोड आहे आणि हे सगळं प्रकरण त्या खोडीचंच आहे. नुसतं ओतून ठेवलं तर आत बीटा नावाचा एक फेज, म्हणजे धातूच्या आतल्या रचनेतला एक वेगळा भाग, शिल्लक राहतो, आणि खारं पाणी नेमकं तेवढंच खात सुटतं, बाहेरून बॉडी चांगली आणि आतून पोखरलेली. तो बीटा घालवायला ६७५ अंशाला सहा तास भट्टीत ठेवून हवेत थंड करायचं असतं. गंमत अशी की ही हीट ट्रीटमेंट केली काय नि नाही केली काय, केमिस्ट्री तीच येते, टेन्साइल, म्हणजे ओढून बघायची ताकदीची टेस्ट, पास होतं, प्रेशर टेस्टला एक थेंब गळत नाही. फरक दिसतो फक्त मायक्रोस्कोपखाली, नाहीतर मग काही वर्षांनी भर समुद्रात.

कास्टिंग यायची कोल्हापूरच्या एका फाउंड्रीतून. मालकांना आम्ही सगळे तात्या म्हणतो, वय सत्तरीच्या आसपास, मुलगा पुण्याला आयटीत, फाउंड्रीत त्याला रस नाही. नऊ वर्षांचा संबंध. गाडी फोंडा घाटातून उतरून हायवेनं आमच्या फोंड्याला यायची, ह्या दोन फोंड्यांवरून ड्रायव्हर लोकांचा दर वेळी एक जोक ठरलेला. आमच्या व्हेंडर रेटिंगमध्ये तात्या कायम ९० च्या वर. क्वालिटीला चाळीस मार्क, डिलिव्हरीला तीस, रेटला वीस, रिस्पॉन्सला दहा, बेरीज केली की ए ग्रेड, फाइल बंद.

रिस्क वगैरे विषय आमच्याकडे नव्हता असं नाही. वास्कोला ज्या वर्गाच्या फ्रिगेट, म्हणजे युद्धनौका, बांधायला घेतल्या त्यांचं डिझाइन रशियाचं आणि गॅस टर्बाइन युक्रेनच्या मिकोलाइव्हची, २०२२ च्या फेब्रुवारीत तिकडे युद्ध पेटलं तेव्हा आमच्या इस्टेटच्या चहाच्या गाड्यावर पण तीच चर्चा, की एका इंजिनासाठी एकाच देशावर बसलं की असं होतं. तेव्हा आम्हीपण हौसेनं एक रिस्क रजिस्टर केलं. त्यात पूर होता, घाट बंद होता, तांब्याचा भाव होता. पुराचं लिहिणं बरोबरच होतं, २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेनं शिरोलीजवळ हायवे बंद पाडला तेव्हा आमची गाडी अडकली होती. पण भट्टीबद्दल त्या रजिस्टरमध्ये एक ओळ नव्हती.

खोच सापडली ती अशी

जूनच्या शेवटी तिसऱ्या लॉटचे पेपर आले. बाहेर मुसळधार पाऊस, लाइट सारखी जात-येत होती, यूपीएसची पीपी चालू आणि आमच्या क्यूसीतली एक मुलगी, नोकरीला लागून जेमतेम आठ महिने झालेली, फाइल लावत बसली होती. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, सर, तात्यांच्याकडे पण आपल्यासारखीच लाइट जाते वाटतं, आणि रोज एकाच वेळेला जाते.

मला आधी कळलंच नाही काय म्हणते. तिनं तीन लॉटचे तीन भट्टीचे चार्ट शेजारी शेजारी ठेवले. प्रत्येकावर रेघ ६७५ ला जाऊन सरळ चाललीय आणि चौथ्या तासात एक छोटी खोच, टेंपरेचर ६४० पर्यंत खाली येऊन परत वर. तिन्हीवर तीच खोच, त्याच जागी, तितकीच खोल. तारखा हातानं लिहिलेल्या, वेगवेगळ्या. काचेवर एकावर एक धरून उजेडात बघितलं तर रेघ रेघेवर बसली.

एक चार्ट, तीन लॉट. म्हणजे निदान दोन लॉटना भट्टी लागली की नाही हे कुणालाच माहीत नाही.

आणि आमच्या फाइलवर ह्या तिन्ही लॉटना माझीच सही होती. नऊ वर्षांत मी चार्टवर बघायचो काय, तर ६७५ आहे का, सहा तास आहेत का, शिक्का आहे का. चार्ट दुसऱ्या चार्टशी ताडून कधी बघितला नव्हता, कशाला बघेन.

माल कुठं कुठं होता ते सांगतो कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच होते. पहिल्या लॉटचे १४ व्हॉल्व्ह कस्टमरकडे गेलेले, त्यातले काही बोटीवर बसलेले. दुसऱ्या लॉटच्या २२ बॉडी आमच्याकडे, त्यातल्या १६ पूर्ण मशीन झालेल्या, ६ रफ. तिसऱ्या लॉटची २४ कास्टिंग गेटवर, अजून हात न लावलेली. आणि डिलिव्हरीची तारीख चवथीच्या आधीची, कारण चवथीत गोव्यात आठ-दहा दिवस कुणी कामावर सापडत नाही हे कस्टमरलाही माहीत.

पहिली चूक, फोन केला

मी तात्यांना फोन लावला. नऊ वर्षांचा माणूस, वाटलं आधी विचारावं. तात्या म्हणाले, पोरानं चुकून झेरॉक्स जोडली असंल सायेब, धाडतो. दोन तासांत व्हॉट्सॲपवर दोन नवीन चार्ट आले. इतके सुंदर चार्ट मी आयुष्यात बघितले नव्हते, रेघ म्हणजे फुटपट्टीनं मारल्यासारखी, कोल्हापुरात त्या दोन्ही दिवशी जणू व्होल्टेज हललंच नाही.

हा फोन करायला नको होता. विचारणं चूक नव्हतं, पण विचारायच्या आधी हातात तुकडा हवा होता. फोन केल्यामुळे समोरच्याला खोटं बोलायची दुसरी संधी मीच दिली, आणि दुसरं खोटं पहिल्यापेक्षा वाईट असतं कारण त्यानंतर माणसाला मागं फिरायला जागा राहत नाही. तेव्हा सरळ तिसऱ्या लॉटमधली एक बॉडी कापायची होती आणि गाडी काढून कोल्हापूरला जायचं होतं. पण बॉडी कापायची म्हणजे हजारोंचा तुकडा फुकट, तेवढ्यासाठी पात्रांवची, म्हणजे आमच्या मालकांची, परवानगी मागायला मला चार दिवस धीर झाला नाही हेही खरं.

समोर काय काय पर्याय होते

शेवटी पात्रांवच्या केबिनमध्ये बसलो, दार लावून. पात्रांव, मी, प्रॉडक्शनचा भाई आणि अकाउंट्सवाले.

भाईचं म्हणणं साधं होतं, रफ आणि कच्चा माल परत भट्टीत टाकू, तयार १६ चं बघू काहीतरी, गेलेल्या १४ चं तोंडातून काढायचं नाही, टेस्ट पास झालेत ना. हे म्हणणारा माणूस वाईट नाही, त्याच्या डोक्यावर डिलिव्हरी असते. आणि खरं सांगायचं तर पहिले दहा मिनिटं मलाही ते पटत होतं, कारण सही माझी होती.

दुसरा पर्याय म्हणजे आत्ताच्या आत्ता कस्टमरला कळवून तिन्ही लॉट होल्डवर टाकायचे. तिसरा, अकाउंट्सवाल्यांचा, की आधी लॅबचा रिपोर्ट येऊ दे, पुरावा हातात आला की कळवू, उगाच आधीच बोंब कशाला. ऐकायला हाच सगळ्यात शहाणा वाटतो. पण रिपोर्टला बारा दिवस लागणार होते आणि त्या बारा दिवसांत पहिल्या लॉटचे आणखी व्हॉल्व्ह बोटीवर चढले असते, त्यावर पाइप लागले असते, इन्सुलेशन झालं असतं. आज काढायला दोन तास लागणारी गोष्ट तेव्हा दोन दिवसांची झाली असती. संशय लपवून बारा दिवस काढले हे नंतर बाहेर आलं असतं ते वेगळंच.

मी तेव्हा अमेरिकेतली एक गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यातून जात नव्हती. टॅकोमाच्या एका फाउंड्रीत तिथल्या नौदलाच्या पाणबुड्यांसाठी स्टील कास्टिंग व्हायची, तिथं १९८५ पासून २०१७ पर्यंत टेस्टचे आकडे बदलून लिहिले जात होते, कंपनीला एक कोटी डॉलरच्या वर भरावे लागले. आणि ते पकडलं कुणी तर लॅबमधल्याच एका कर्मचाऱ्यानं, टेस्ट कार्डं खाडाखोड केलेली दिसली म्हणून. पात्रांव बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, आपली तर पोरगी आठ महिन्यांची, तिनं पकडलं, आतां कितें, कळवूया.

काय केलं

त्याच दिवशी संध्याकाळी कस्टमरच्या क्वालिटीला लेखी कळवलं. पत्रात अंदाज काही लिहिले नाहीत, फक्त एवढंच की तीन लॉटचे हीट ट्रीटमेंट चार्ट एकसारखे आहेत, हीट नंबर हे हे, माल आत्ता इथं इथं आहे, तपासणी सुरू करतोय. मला वाटलं होतं फोनवरून शिव्या पडतील. पडल्या, थोड्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस स्वतः आला आणि त्यानं पहिला प्रश्न विचारला तो हाच, पहिल्या लॉटचे सिरियल नंबर कुठल्या कुठल्या लायनीला गेलेत. तो प्रश्न आम्ही स्वतःला विचारलेलाच नव्हता.

इथं एक गोष्ट आमच्या बाजूनं होती, प्रत्येक बॉडीवर हीट नंबर ओतलेला असायचा, त्यामुळे कुठली बॉडी कुठल्या ओतणीची ते कळत होतं. पण कुठली ओतणी भट्टीच्या कुठल्या फेरीत गेली हे कुठंच नव्हतं. ओतल्यापासून भट्टीपर्यंतचा धागाच तुटलेला.

प्रत्येक लॉटमधून सॅम्पल काढलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या लॉटची एकेक बॉडी सरळ कापली. बोटीवरचे कापता येत नाहीत म्हणून त्यांच्या फ्लँजच्या कडेला थोडी जागा पॉलिश करून एच करून रेप्लिका घेतली, म्हणजे धातूच्या पृष्ठभागाचा ठसा फिल्मवर घ्यायचा आणि तो ठसा मायक्रोस्कोपखाली बघायचा. सगळं पुण्याच्या एनएबीएल लॅबला. आमच्याकडची पीएमआय गन ह्यात काही कामाची नव्हती, ती केमिस्ट्री सांगते, भट्टी नाही, आणि आमची तर जुनी, ॲल्युमिनियमसुद्धा धड दाखवत नाही.

रिपोर्टची वाट बघत असतानाच मी शॉपमधल्या एकाला घेऊन कोल्हापूरला गेलो, न सांगता. फाउंड्रीत शिरल्यावर डाव्या हाताला जिथं तात्यांची इलेक्ट्रिक भट्टी असायची तिथं मोल्डिंग सँडची पोती रचलेली. हीटरच्या कॉइल गेल्या, दुरुस्तीला पैसे नव्हते, भट्टी दीड वर्षापूर्वी भंगारात. तेव्हापासून हीट ट्रीटमेंट दुसऱ्या एका जॉबवाल्याकडे. आमच्या व्हेंडर फॉर्मवर मात्र 'बाहेरून करून घेत असलेल्या प्रोसेस' ह्या रकान्यापुढं अजून 'नाही' लिहिलेलं, तो फॉर्म सात वर्षांपूर्वीचा. दरवर्षी ऑडिटला आम्ही तो रिव्ह्यू केल्याची तारीख टाकायचो.

तात्यांनी चहा मागवला, कपाटातून वही काढली आणि माझ्यासमोर उघडून ठेवली. आमची बिलं आणि पैसे आल्याच्या तारखा. सरासरी चार महिने. म्हणाले, "तुमचं पैसं चार म्हैन्यानं येत्यात, भट्टीवाला रोख मागतोय. पयल्या लॉटला दिलं, दुसऱ्याला न्हवतं माझ्याकडं. मी काय करायचं सांगा."

मला काय सांगायचं ते सुचलं नाही. चार्ट खोटा लावणं ह्याला माफी नाही, ते मी त्यांना तिथंच सांगितलं. पण वही खरी होती. कायद्यानं, २००६ च्या एमएसएमईडी ॲक्टप्रमाणे, छोट्या युनिटचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज, आणि १ एप्रिल २०२४ पासून तर वेळेत दिले नाहीत तर इन्कम टॅक्समध्ये त्या वर्षी तो खर्चच धरत नाहीत. आमचे अकाउंट्सवाले ह्यावर उपाय म्हणून माल आल्याची नोंदच उशिरा करायचे. हे मला माहीत होतं, फक्त ह्याचा आणि कास्टिंगच्या बीटा फेजचा काही संबंध असेल असं कधी डोक्यात आलं नाही.

निकाल

लॅबचे रिपोर्ट असे आले: पहिला लॉट ठीक, म्हणजे खोचवाला चार्ट खरा आणि तो त्याचाच. दुसरा लॉट भट्टी न बघितलेला, बीटा स्पष्ट. तिसरा अर्धवट, भट्टीत गेलेला पण वेळ कमी दिलेला असावा, कापलेल्या बॉडीच्या जाड भागात बीटा शिल्लक.

कस्टमरकडचे १४ आहेत तिथंच राहिले, कस्टमरनं रेप्लिका रिपोर्टवर मान्य केले. तो दिवस मी विसरणार नाही, आठवडाभर झोप नव्हती. तिसऱ्या लॉटची उरलेली २३ कास्टिंग आणि दुसऱ्याच्या ५ रफ बॉडी बेळगावच्या एका हीट ट्रीटरकडे आमच्या माणसासमोर परत भट्टीत घातल्या. तयार १६ पैकी दोन ट्रायलला भट्टीत टाकल्या तर बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, अंडाकृती झालं आणि फ्लँजचा फेस वाकला, वाचवण्यासारखं काही नव्हतं, सगळ्या १६ भंगारात. सात आठवडे उशीर, आठवड्याला अर्ध्या टक्क्यानं साडेतीन टक्के एलडी, म्हणजे उशिराचा दंड, कापली गेली. चवथीला शॉप चालू ठेवायचं म्हटलं तर कुणी तयार होईना, आणि का व्हावं, गणपतीवरची माटोळी बांधायची सोडून कुणी व्हॉल्व्ह बांधेल का.

तात्यांना काढायचं का ह्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. भाई म्हणाला, खोटं चार्ट लावलेला माणूस परत नको. बरोबर आहे. पण दुसरी फाउंड्री डेव्हलप करायची म्हणजे पॅटर्न हलवा, सॅम्पल ओता, रेडिओग्राफी करा, कस्टमरचं ॲप्रूव्हल घ्या, सहा-आठ महिने कुठं गेले नाहीत. आज काढलं तर पुढची ऑर्डर कोण ओतणार. शेवटी ओतणं तात्यांकडे ठेवलं, हीट ट्रीटमेंट त्यांच्याकडून काढून घेतली, ती आम्ही थेट बेळगावला करून घेतो आणि पैसे आम्ही देतो. बेळगावची एक फाउंड्री दुसरी सोर्स म्हणून सुरू केली, तिला पूर्ण ॲप्रूव्हल मिळायला नऊ महिने लागले. आणि तात्यांची बिलं ४५ दिवसांच्या आत, हे मात्र पात्रांवनी अकाउंट्सवाल्यांना माझ्यासमोर सांगितलं. हा निर्णय सगळ्यांना पटला असं नाही, भाई अजून माझ्याशी ह्यावर वाद घालतो.

परत करायचं झालं तर

व्हेंडर रेटिंग आम्ही फेकलं नाही, पण त्यावर आता विश्वास ठेवत नाही. ते मागचं सांगतं, माल वेळेत आला का, रिजेक्ट किती झाला. नॅबची हीट ट्रीटमेंट नाही केली तर रिजेक्शन शून्यच येतं, म्हणजे खोटं जितकं बेमालूम तितका व्हेंडर ए ग्रेड. वेल्डिंग, हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग ह्यांना क्वालिटीत स्पेशल प्रोसेस म्हणतात ते ह्याच कारणानं, झाल्यावर नुसतं मोजून कळत नाही, होताना बघावं लागतं. हे मी ट्रेनिंगमध्ये दहा वेळा शिकवलंय.

आता प्रत्येक पार्टला ड्रॉइंगच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलनं साखळी काढतो, इनगॉट, म्हणजे वितळवायच्या धातूच्या लाद्या, कुठून, ओततो कोण, भट्टी कुणाची, रेडिओग्राफी कुणाची, शेवटी आम्ही. प्रत्येक कडीला तीन प्रश्न. हा माणूस उद्या बंद पडला तर किती दिवस निघतील. त्याला आपल्याकडून पैसे कधी मिळतात. आणि तो खोटं बोलला तर मला कळणार कसं. तिसऱ्याचं उत्तर 'सर्टिफिकेटवरून' असं आलं की तिथं लाल पेन. पहिल्यांदा हे केलं तेव्हा ४१ कड्यांपैकी ९ लाल निघाल्या, त्यातली एक आमच्याच शॉपमधली होती, टॉर्क रेंचच्या कॅलिब्रेशनची.

भट्टीच्या प्रत्येक फेरीत आता त्याच ओतणीचा एक कूपन, म्हणजे टेस्टसाठीचा तुकडा, जातो, त्यावर हीट नंबर आणि फेरीचा नंबर दोन्ही ठोकलेले, तो लॅबला जातो आणि रिपोर्ट आल्याशिवाय मशीनिंग सुरू होत नाही. खर्च वाढला, बारा दिवस वाढले, त्यासाठी एका लॉटचा जादा स्टॉक ठेवावा लागतो आणि तांब्याच्या भावात तो स्टॉक पात्रांवच्या डोळ्यात खुपतो. दर स्टॉक टेकिंगला तेच बोलणं.

मागच्या पावसाळ्यात तात्यांनी स्वतःची भट्टी परत उभी केली, आम्ही ट्रायल म्हणून एक लॉट दिला. चार्ट आला, पाचव्या तासाला एक खोच. मी फोन केला तर पलीकडून तात्या हसायलाच लागले, "आज खरंच लाइट गेलती सायेब, एमएसईबीला इचारा." मीही हसलो. कूपन लॅबला पाठवलंच.